गोळी कुठे उघडते? पळसावरच्या लाखेपासून 'हुशार' औषधांपर्यंत

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर जरा जड दिसतो : भोवतालची परिस्थिती बदलली की औषध सोडणारे पदार्थ. म्हणजे असा पदार्थ, जो औषधाला धरून ठेवतो. आणि आम्लता बदलली, तापमान बदललं किंवा एखादं विकर समोर आलं, की ते मोकळं करतो. बातम्यांमध्ये त्यांना 'स्मार्ट मटेरियल' म्हणतात, आणि बातमीचा सूर बहुधा 'हे उद्याचं विज्ञान आहे' असा असतो.

मला आज याचा कालचा भाग सांगायचा आहे. कारण या जातीचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जास्त वापरला गेलेला पदार्थ आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातच आहे. सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेणारे इथे किती जण आहेत? हात वर करू नका, अंदाज आहे मला. ती पँटोप्रॅझोलची गोळी घ्या. जठरातलं आम्ल कमी करायला दिलेलं हे औषध स्वतः आम्लात टिकत नाही. जठरातच सुटलं तर नासून जातं. म्हणून त्या गोळीवर एक पातळ थर असतो. तो जठरात तसाच राहतो आणि लहान आतड्यात पोचल्यावर विरघळतो. मग औषध रक्तात जातं आणि रक्तावाटे परत जठराच्या पेशींपर्यंत येतं. उलटा प्रवास आहे, पण खात्रीचा आहे.

आता त्या थराला कोणी सांगत नाही की बाबा रे, आतडं आलं, उघड. भोवतालची आम्लता बदलते आणि तो विरघळतो. विषयाच्या व्याख्येत हे तंतोतंत बसतं. आज हा थर कारखान्यात बनवलेल्या पॉलिमरचा असतो. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कामाला जे नैसर्गिक पदार्थ लावले गेले, त्यांतला एक महत्त्वाचा पदार्थ म्हणजे लाख. आणि महाराष्ट्रात लाख म्हटलं की गोंदियाचं नाव येतंच.

डिंक आणि लाख

गोंदिया हे नाव कसं पडलं याची एक गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. जंगलातले गोंड लोक डिंक, म्हणजे हिंदीतला 'गोंद', आणि लाख विकायला इथे आणत, म्हणून गोंदिया. व्युत्पत्ती पक्की आहे की नाही यावर भाषेचे अभ्यासक वाद घालतील. पण गावाची ओळख सांगताना लोकांना हे दोन जिन्नस आठवले, एवढं तर त्यातून दिसतंच.

लाख म्हणजे झाडाचा डिंक नव्हे. ती एका बारीक किड्याची निर्मिती आहे. शास्त्रीय नाव केरिया लॅका. पळस, बोर आणि कुसुम ही त्याची आवडती झाडं. किड्याची पिल्लं कोवळ्या फांदीवर जाऊन बसतात, सोंड खुपसून रस ओढतात आणि अंगाभोवती राळेसारखा पदार्थ सोडतात. हजारो किडे शेजारी शेजारी बसलेले असल्यामुळे फांदीभोवती एक सलग कवच तयार होतं. एक किलो राळेसाठी साधारण तीन लाख किडे लागतात असा अंदाज सांगितला जातो.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या बाजूच्या जंगलपट्ट्यात पळसाला तोटा नाही. पळसावर वर्षातून दोन पिकं निघतात : पावसाळ्याच्या सुरुवातीला किडे चढवले की दिवाळीच्या सुमारास एक, आणि तेव्हा चढवलेले पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी दुसरं. कुसुमावरची लाख फिक्या रंगाची, म्हणून तिला भाव जास्त. फांद्या तोडायच्या, लाख खरवडायची, कुटायची, पाण्यात घोळून लाल रंग काढून टाकायचा, की दाणेदार लाख हाती येते. ती कापडाच्या लांब नळीसारख्या पिशवीत भरायची, विस्तवासमोर धरून पिळायची. वितळलेली लाख कापडातून बाहेर पडते. ती ताणून पातळ पत्रा केला आणि मोडला की झाला चपडा. सुतार पॉलिशला वापरतात तोच.

आपल्याकडे लाखेचं औषधाशी नातं जुनं आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे. त्यात ती जखम भरून काढणारी म्हणून येते. आयुर्वेदात मोडलेलं हाड सांधण्यासाठी लाक्षा गुग्गुळ दिला जातो. पण यात लाख स्वतः औषध आहे. लाखेनं दुसऱ्या औषधाला सांभाळायचं, हा विचार वेगळा, आणि तो युरोपातून आला.

मधल्या काळात व्यापार बदलला. ईस्ट इंडिया कंपनीला लाखेपेक्षा तिच्यातल्या लाल रंगात रस होता. १८५६ नंतर रासायनिक रंग आले आणि तो धंदा बसला. मग किंमत आली उरलेल्या राळेला. लाकडावरची पॉलिश, टपालातलं सील, विजेच्या उपकरणांचं आवरण आणि ग्रामोफोनच्या तबकड्या, सगळीकडे चपडा. इकडे १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली, ती पुढे बंगाल-नागपूर रेल्वेत आली आणि रूळ कलकत्त्यापर्यंत जोडले गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाटवरून जबलपूरकडे छोटी लाइन सुरू झाली. जंगलाच्या मधोमध जंक्शन! भोवतालची लाख इथे उतरायची आणि इथून पुढे निर्यातीच्या बंदराकडे जायची. लाख गाळणारे कारखानेही इथे आले.

हॅम्बुर्गचा त्वचारोगतज्ज्ञ

आता थोडा वेळ गोंदिया सोडून जर्मनीत जाऊ, कारण गोळीच्या थराची कल्पना तिथली आहे.

हॅम्बुर्गमध्ये पॉल गेर्सन उना नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. त्वचा, केस, नखं, शिंगं ज्या प्रथिनाची बनतात त्या केराटिनशी त्यांचा रोजचा संबंध. केराटिन जठरातल्या पाचक रसात सहज विरघळत नाही, अल्कधर्मी द्रवात मात्र विरघळतं, हे त्यांच्या कामाचं होतं. १८८४ मध्ये त्यांनी केराटिनचा थर दिलेल्या गोळ्या सुचवल्या. हेतू दुहेरी. काही औषधं जठराला जाळतात, तर काहींना जठर नासवतं. दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

कल्पना उत्तम होती. पदार्थ मात्र बेभरवशाचा निघाला. केराटिनच्या गोळ्या कधी जठरात फुटायच्या, तर कधी आतड्यातही न उघडता तशाच बाहेर पडायच्या. मग डॉक्टर आणि औषध बनवणारे दुसऱ्या पदार्थांच्या शोधाला लागले. गोळीत बेरियम सल्फेट भरून क्ष-किरणांखाली ती कुठे फुटते ते पाहण्याची सोय झाल्यावर कोणता थर कुठे उघडतो हे डोळ्यांनी दिसू लागलं. या शोधात १९३०च्या दशकात लाखेवर पद्धतशीर काम झालं.

लाखच का, ते समजून घेऊ. लाखेचा रेणू म्हणजे अनेक आम्लांची गुंफण. त्यांतलं ॲल्युरिटिक आम्ल प्रमुख. गुंफणीत काही आम्ल-गट मोकळे राहतात. भोवती भरपूर आम्ल असेल तर हे गट आपला हायड्रोजन धरून बसतात, रेणूवर विद्युतभार नसतो आणि पाण्याशी त्याचं जमत नाही. आम्लता उतरली की हायड्रोजन सुटतो, गटावर ऋण भार येतो, पाणी आत शिरतं, थर फुगतो आणि विरघळतो.

आणि शरीरात हा फरक केवढा आहे बघा. उपाशीपोटी जठराचा पीएच साधारण १ ते ३. लहान आतड्याच्या सुरुवातीला तो ६ च्या आसपास जातो, शेवटाकडे ७ च्या वर. पीएच एका अंकानं चढला की आम्लता दहापट उतरते. १.५ वरून ६.५ म्हणजे एक लाख पटींचा फरक! इतका स्पष्ट इशारा शरीर सहसा देत नाही. म्हणून परिस्थिती ओळखणाऱ्या पदार्थांत पहिलं यश आम्लतेच्या वाटेनं आलं.

लाख कुठे कमी पडली

इथवर गोष्ट सरळ आहे. खरा प्रश्न यापुढे आहे.

लाखेचा थर विरघळायला साधारण ७ च्या वर, ७.३ च्या आसपास पीएच लागतो. लहान आतड्याच्या पहिल्या भागात तेवढा नसतोच. म्हणजे गोळी जठर सुखरूप ओलांडते, पण पुढेही बराच वेळ बंद राहते. लोहाची गोळी असेल तर? लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. थर उशिरा उघडला तर गोळी तो भाग ओलांडून गेलेली असते. रक्त कमी असलेल्या बाईनं रोज नेमानं गोळी घेतली, तरी अंगी लागेल त्यापेक्षा जास्त लोह वाया. तिची चूक नाही, डॉक्टरचीही नाही. थर चुकीच्या ठिकाणी उघडला एवढंच.

दुसरी अडचण वयाची. लाखेतले मोकळे आम्ल-गट साठवणीत हळूहळू एकमेकांत गुंततात. जे गट विरघळण्यासाठी हवेत तेच खर्ची पडतात. नवी गोळी चाचणीत पास होते, आणि तीच गोळी वर्षभर दुकानात, त्यात विदर्भाच्या उन्हाळ्यात, राहिली तर थर हट्टी होतो.

तिसरी अडचण आपल्या जंगलाशी जोडलेली आहे. पळसाची लाख वेगळी, कुसुमाची वेगळी. दिवाळीचं पीक वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं. एकानं पाण्यात चांगली घोळली, दुसऱ्यानं घाईनं. बाजारात सगळं एकत्र मिसळतं. शिवाय भेसळ होतीच. चपड्यात राळ मिसळायचे. जुन्या काळी छान पिवळा रंग यावा म्हणून हरताळही घालत. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. लाकडाच्या पॉलिशला ते खपून गेलं असेल, गोळीला कसं चालेल?

लाखेचा दर्जा सुधारायला हवा हे तोवर सरकारच्याही लक्षात आलं होतं. १९२१ मध्ये लिंडसे आणि हार्लो यांचा लाख उद्योगावरचा अहवाल आला आणि १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला भारतीय लाख संशोधन संस्था सुरू झाली. किड्याचं बियाणं, झाडं, राळेचं रसायन, सगळ्यावर तिथे काम झालं आणि होत आहे. पण जग थांबलं नव्हतं. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट तयार केलं, त्यांच्या शोधाची सुरुवात लाखेला पर्याय शोधण्यातून झाली होती. १९४८ मध्ये विनाइलची तबकडी आली आणि ग्रामोफोनचं गिऱ्हाईक गेलं. औषधातही तेच झालं. १९४०च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेट थॅलेट हा पदार्थ आला, १९५०च्या दशकात जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या रोम कंपनीनं ॲक्रिलिक पॉलिमर आणले. त्यांचं वैशिष्ट्य काय? ते लाखेपेक्षा काही फार हुशार नव्हते. तेच आम्ल-गट, तीच युक्ती. पण त्यांची बनावट ठरवता येते. ५.५ ला उघडणारा हवा, हा घ्या; ६ ला हवा, हा घ्या; ७ ला हवा, तोही आहे. आणि यंदाचं पोतं गेल्या वर्षीच्या पोत्यासारखंच.

आज आतड्यात उघडणाऱ्या गोळीची औषधसंहितेतली नेहमीची परीक्षा अशी : दोन तास सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात फुटता कामा नये, मग ६.८ पीएचच्या द्रवात तासाभरात फुटलीच पाहिजे. लाखेला ७.३ लागतो. नापास होण्याचं कारण आकड्यांतच दिसतं.

यातून मला जे दिसतं ते सांगतो, हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. परिस्थितीला प्रतिसाद देणं हे पदार्थाच्या दृष्टीनं विशेष नाही. मीठ पाण्यात विरघळतं, मेण उन्हात वितळतं, हाही प्रतिसादच. औषधाच्या कामी येतो तो पदार्थ, जो योग्य जागी, दरवेळी आणि दर माणसात तसाच वागतो. हुशारीपेक्षा भरवसा महाग आहे.

नव्या इशाऱ्यांचा काळ

हे निकष हातात धरून आता पुढचा इतिहास पाहू.

१९७८ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये तोयोइची तानाका यांनी दाखवलं की तापमान किंवा द्रावक थोडंसं बदललं तर जेलचा तुकडा एकदम आक्रसू शकतो. हळूहळू नव्हे, उडी मारल्यासारखा. या कामानंतर जगभर प्रतिसाद देणाऱ्या जेलचं पीक आलं. एक प्रसिद्ध पॉलिमर ३२ अंश सेल्सियसच्या आसपास असं वागतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला फुगलेला आणि शरीरात शिरला की आक्रसलेला. महाराष्ट्रात या शास्त्राचं मोठं केंद्र पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अशा जेलवर पायाभूत काम केलं. रेणूत पाणी ओढणारे आणि पाणी टाळणारे भाग कसे बेतले की जेल कोणत्या तापमानाला फुगेल, कोणत्या तापमानाला आक्रसेल, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. चपड्यात हे ठरवणं कोणाच्याच हाती नव्हतं.

१९७८ मध्येच तापवलं की औषध सोडणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांची कल्पना मांडली गेली. गाठीपाशी ऊब द्यायची, औषध तिथेच सुटेल. त्यातून थर्मोडॉक्स नावाचं औषध तयार झालं. ४० अंशांच्या थोडं वर औषध सोडणारं. यकृताच्या कर्करोगाच्या ७०१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला : ठरवलेला फायदा सिद्ध झाला नाही. ज्यांना जास्त वेळ उष्णता दिली होती त्यांना उपयोग झाला असावा असं नंतरच्या विश्लेषणात वाटलं. म्हणून दुसरी चाचणी घेतली, तिलाही यश आलं नाही. पिशवी प्रयोगशाळेत बरोबर उघडत होती. माणसाच्या यकृतात, प्रत्येकाला तेवढीच ऊब, तेवढाच वेळ मिळणं ही वेगळी गोष्ट.

मधुमेहाचंही तसंच. रक्तातली साखर वाढली की आपोआप इन्सुलिन सोडणारी व्यवस्था ब्राउनली आणि सेरामी यांनी १९७९ मध्ये मांडली. आज चार दशकं उलटून गेली, तरी असं इन्सुलिन औषधाच्या दुकानात मिळत नाही. कारण इथे चुकीची किंमत जबर आहे. पित्ताची गोळी अर्धा तास उशिरा उघडली तर चालून जाईल. इन्सुलिन नको तेव्हा सुटलं तर माणूस बेशुद्ध पडेल.

मात्र जुन्या 'दोषां'ना नवी जागाही मिळते. उशिरा उघडणं हा लाखेचा दोष होता ना? मोठ्या आतड्याला सूज असेल तर औषध उशिराच उघडायला हवं. त्या आजारासाठी पीएच ७ ला विरघळणाऱ्या थराची औषधं रोजच्या वापरात आहेत, आणि मोठ्या आतड्यासाठी लाखेवरही पुन्हा संशोधन होतं. तसंच डिंकाचं. गवारीच्या बियांचा डिंक वरच्या आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू तो फोडतात. म्हणून त्याच्यात औषध बांधून पाहिलं गेलं. लाख आम्लतेचा इशारा ओळखते, डिंक जिवाणूंचा. गोंदियाच्या नावाशी जोडलेले हे दोन्ही जिन्नस प्रयोगशाळेत शेजारी शेजारी बसलेले आहेत.

लाख बाजारातून गेलेली नाही. गोळ्यांची चकाकी, चॉकलेटवरचा थर, सफरचंदावरची झळाळी यांत ती आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ९०४ हा क्रमांक दिसला तर ती लाख समजा. तिचा आम्ल-गटांचा गुंता अमोनियम क्षार वापरून सावकाश करता येतो, मेण काढता येतं, रंग काढता येतो. पण हे सगळं कारखान्यातलं काम झालं. सुरुवात फांदीवर होते. कोणत्या झाडाची, कोणत्या हंगामाची, कशी धुतलेली, हे वेगळं ठेवलं तरच पुढे तिच्यावर भरवसा ठेवता येतो; आणि वेगळं ठेवणाऱ्याला त्या कष्टाचा वेगळा भाव मिळाला तरच तो वेगळं ठेवेल. खरवडलेली सगळी लाख एकाच काट्यावर, एकाच दरानं घेतली जात असेल, तर सालेकशाच्या जंगलातल्या माणसानं औषधाच्या दर्जाची काळजी का करावी? औषधशास्त्राचा हा प्रश्न अखेर तराजूपाशी येतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. गोळीच्या पाकिटावर 'एन्टरिक कोटेड' किंवा 'गॅस्ट्रो-रेझिस्टंट' असं लिहिलेलं असेल, तर ती गोळी फोडू नका, चावू नका, कुटून दुधात देऊ नका. म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून आपण मायेनं गोळी कुटतो आणि तो थर तिथेच संपतो. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारून दुसरा प्रकार घ्या. आणि ॲसिडिटीचं पातळ औषध सोबत घ्यायचं असेल तर तेही विचारून, वेळेचं अंतर ठेवून घ्या; जठरातली आम्लता उतरली की थराला वाटतं आतडं आलं, आणि तो उघडतो. त्याला तेवढंच कळतं. बाकीचं आपण कळून घ्यायचं.